अंशात ह नसलेलं पद उरलं, तर तिथेच थांबा

दहावीनंतर पुण्यात अकरावी सायन्सला आलेल्या मुलांची गाडी फर्स्ट प्रिन्सिपलपाशी, म्हणजे डेरिव्हेटिव्ह थेट व्याख्येवरून काढण्याच्या रीतीपाशी अडली, की दोष लिमिटला दिला जातो. पण लिमिटची पायरी तर अजून आलेलीच नसते. गणित त्याआधीच बिघडलेलं असतं, सातवी-आठवीतल्या कंसांपाशी.

वहीत तुम्ही एक्स, एच, एफ लिहाल. इथे क्ष, ह, फ म्हणू. फंक्शन घेऊ:

फ(क्ष) = ३क्ष² − ५क्ष + २

सोपं करायचंय ते [फ(क्ष+ह) − फ(क्ष)] ÷ ह. ह शून्य नाही.

आधी फ(क्ष+ह) एकटंच लिहा. जिथे क्ष दिसेल तिथे अख्खं (क्ष+ह), कंसासकट:

३(क्ष+ह)² − ५(क्ष+ह) + २
= ३क्ष² + ६क्षह + ३ह² − ५क्ष − ५ह + २

यातलं ६क्षह सर्रास हरवतं. पेठेतल्या जुन्या वाड्याचं क्ष बाजूचं चौरस अंगण डोळ्यांसमोर आणा. लगतच्या दोन बाजूंना ह रुंदीची शहाबादी वाढवायची, तर क्ष लांबीच्या दोन पट्ट्या लागतात आणि कोपऱ्यात ह बाजूचा छोटा चौरस. (क्ष+ह)² म्हणजे क्ष² + ह² असं लिहिणारा कोपरा तेवढा भरतो. दोन्ही पट्ट्या मातीच्याच राहतात.

आता वजाबाकी. फ(क्ष) कंसात घालूनच वजा करा, म्हणजे −३क्ष² + ५क्ष − २ मिळेल. उरतं:

६क्षह + ३ह² − ५ह

कंस विसरलात तर पहिलंच चिन्ह बदलतं आणि −१०क्ष + ४ मागे राहतं. त्यात ह नाही. असं पद दिसलं की पुढे जाऊच नका, कारण फ(क्ष) मधली सगळी पदं इथे उडायलाच हवीत.

मग ह कॉमन काढा: ह(६क्ष + ३ह − ५). कॉमन न काढता एकाच पदातल्या ह वर काट मारणं चूक; भागाकार प्रत्येक पदाला लागतो. उत्तर ६क्ष + ३ह − ५.

मात्र ह ची ही खूण प्रत्येक चूक पकडत नाही. ६क्षह गाळलं तरी ३ह² − ५ह उरतं, दोन्हींत ह आहे, आणि ३ह − ५ हे उत्तर दिसायला अगदी नीटनेटकं असतं. फ(क्ष+ह) ऐवजी फ(क्ष) + ह लिहिलं तर कुठल्याही फंक्शनला उत्तर १ येतं. म्हणून आकडे घालून पाहाच. क्ष = २, ह = ०.१ घ्या. फ(२.१) = ४.७३, फ(२) = ४; फरक ०.७३, भागिले ०.१ म्हणजे ७.३. आपल्या उत्तरातून १२ + ०.३ − ५, तेही ७.३. चुकीचं ३ह − ५ मात्र −४.७ देतं.

लिमिटची पायरी, म्हणजे ह = ० ठेवायची वेळ, आता येते, आणि ६क्ष − ५ हे डेरिव्हेटिव्ह मिळतं. काट मारण्याआधी ठेवलं असतं तर हाती ०/० आलं असतं.