आमची वाटचाल: शिंगरांच्या छातीची राखण

पुण्याच्या आसपासच्या स्टड फार्मना, म्हणजे घोड्यांची पैदास करणाऱ्या फार्मना, औषधं आणि लसी पुरवायच्या, एवढ्यावर आमचा व्यवसाय सुरू झाला. पशुवैद्यकाची पदवी, एक शीतपेटी आणि स्कूटर, एवढंच भांडवल. घोडी विण्याआधी महिना-दीड महिना तिला धनुर्वात आणि इन्फ्लुएंझाच्या लसी टोचल्या की ते संरक्षण चिकातून, म्हणजे विल्यानंतरच्या पहिल्या दुधातून, शिंगराला मिळतं. या कामात आमचा जम बसला.

मग दर हंगामात विचारणा होऊ लागली, "डॉक्टर, शिंगरांच्या न्यूमोनियाची लस कधी आणताय?"

हा न्यूमोनिया ऱ्होडोकॉकस इक्वी या जिवाणूचा. १९२३ मध्ये स्वीडनमध्ये तो ओळखला गेला. लिदीत आणि मातीत राहतो, पॅडॉकमध्ये, म्हणजे घोडे मोकळे सोडायच्या कुंपणातल्या जागेत, धूळ उडाली की श्वासावाटे आत जातो. लागण बहुधा जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांतच होते, ताप आणि धाप मात्र महिना-दोन महिन्यांनी दिसते. तोवर फुप्फुसात गळवं झालेली असतात. ज्या पेशींनी जंतू गिळून मारायचा, त्यांच्यातच हा वाढतो. कोवळ्या शिंगराला लस टोचून ती लागू पडेपर्यंत उशीर झालेला असतो, म्हणून संशोधकांचं लक्ष आईकडे वळलं. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास ए अँड एम आणि हार्वर्ड या विद्यापीठांच्या संशोधकांनी गाभण घोडीला लस देऊन चिकातून शिंगराला वाचवल्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. आम्हाला फार आशा वाटली. पण आपल्याकडे या रोगाची परवानाधारक लस आजही नाही, आणि ग्राहकाला हे स्पष्ट सांगणं हे आम्ही आमचं पहिलं काम मानतो.

मग विकायचं काय? आम्ही सेवा विकू लागलो. घोडी व्यायच्या रात्री आमचा माणूस पागेत हजर असतो. शिंगराला पहिल्या काही तासांतच चीक मिळालाच पाहिजे, कारण एका दिवसानंतर त्याचं आतडं त्यातली प्रतिपिंडं, म्हणजे रोगाशी लढणारी प्रथिनं, शोषून घेत नाही. दुसऱ्या दिवशी रक्त तपासतो. प्रतिपिंडं कमी भरली तर प्लाझ्मा, म्हणजे प्रतिपिंडं असलेला रक्तातला द्रव, चढवतो.

पुढे कर्ज काढून सोनोग्राफी यंत्र घेतलं. सईस शिंगराला भिंतीशी कवेत धरतो, एक हात छातीपुढे, एक शेपटीखाली. आम्ही बरगड्यांवर स्पिरिट लावून प्रोब, म्हणजे यंत्राचा हातात धरायचा भाग, फिरवतो. निरोगी फुप्फुसाची कड पांढरी, झळझळीत दिसते. गळू असेल तिथे ती कड तुटते आणि काळा खळगा दिसतो. शिंगरू तेव्हा मजेत दूध पीत असतं!

इथेच आमचे काही ग्राहक तुटले. छोटा खळगा दिसला की त्यांना लगेच अ‍ॅझिथ्रोमायसिन आणि रिफॅम्पिसिन ही प्रतिजैविकं हवी असायची, काहींना तर सरसकट सगळ्याच शिंगरांना. आम्ही नकार दिला. छोटी गळवं बरीचशी आपोआप बरी होतात. अमेरिकेत केंटकीमध्ये सरसकट औषधं दिलेल्या फार्मवर या औषधांना दाद न देणारे जंतू वाढले. खरंच आजारी पडलेल्या शिंगरासाठी ही औषधं राखून ठेवायची आहेत. आम्ही दर आठवड्याला पुन्हा प्रोब लावतो, ताप बघतो आणि गरज पडली तरच औषध सुरू करतो. सोडून गेलेल्यांपैकी काही परत आलेत.

आता नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे आणणाऱ्या छोट्या पाळणाऱ्यांपर्यंत जायचं आहे. त्यांना प्लाझ्मा परवडत नाही. चीक वेळेवर पाजणं, पागेची लीद रोज उचलणं आणि धुळीच्या जागी पाणी मारणं त्यांना जमू शकतं. तेवढं शिकवायला आम्ही पैसे घेणार नाही.