कॉक मीच दुरुस्त केला, पण पाणी बंद करायला परवानगी मिळेना

घोडबंदर रोडवरच्या आमच्या फ्लॅटमध्ये शॉवरचा भिंतीतला कॉक गळत होता. कितीही घट्ट केला तरी बारीक धार चालूच. प्लंबरने नुसतं बघायचे 500 रुपये घेतले आणि सांगितलं, "टाइल फोडून पूर्ण बॉडी बदलावी लागेल. साडेसहा हजार धरा, टाइल तुमची." इमारत बांधली तेव्हाच्या टाइल्स आता बाजारात नाहीत. एक फुटली की अख्खी भिंत नव्याने करायची. मेहनतीचे पैसे द्यायला माझी ना नाही, पण गरज नसताना भिंत फोडायची आणि त्याचं बिल मी भरायचं, हे पटलं नाही.

कन्सील्ड कॉकची पितळी बॉडी सहसा टिकते, बिघडतो तो आतला स्पिंडल, म्हणजे मूठ फिरवली की पाणी उघड-बंद करणारा दांडा. मूठ आणि तिच्यामागची गोल फ्लँज काढली की तो समोरूनच बाहेर येतो, टाइलला धक्काही लागत नाही. नवा मला साडेतीनशेला मिळाला.

खरी रखडपट्टी झाली ती सोसायटीच्या ऑफिसात. त्या लाइनला आमच्या फ्लॅटमध्ये वेगळा कॉक नाही. पाणी बंद करायचं तर गच्चीवरचा व्हॉल्व्ह फिरवायला हवा, आणि गच्चीची चावी ऑफिसात. मॅनेजरने फॉर्म पुढे केला: प्लंबरचं नाव, मोबाइल, आधारची प्रत. म्हटलं, काम मी स्वतः करणार आहे. "मग हा रकाना रिकामा कसा ठेवणार, साहेब? सेक्रेटरींना विचारा." सेक्रेटरी म्हणाले, "पुढच्या मीटिंगमध्ये ठेवू." तोवर पाणी वाया जातंय, तेही अशा सोसायटीत जिथे उन्हाळ्यात टँकरसाठी वर्गणी काढावी लागते! पुन्हा विचारायला गेलो तर उत्तर मिळालं, "आपल्या यादीतल्या प्लंबरला बोलवा, आत्ता व्हॉल्व्ह बंद करून देतो." म्हणजे व्हॉल्व्ह बंद करायला अडचण काहीच नव्हती. ते ऐकून माझा संताप झाला, अजूनही होतो.

आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे गृहनिर्माण सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, बाहेरच्या सामाईक पाइपची गळती सोसायटीने दुरुस्त करायची, घराच्या आतली सभासदाने स्वतःच्या खर्चाने. खर्च माझा असेल तर काम कोणी करायचं हेही मीच ठरवणार. भिंत पाडायची असती किंवा पाइपची जागा बदलायची असती तर परवानगी मागणं योग्यच होतं. इथे नुसता एक सुटा भाग बदलायचा होता.

शेवटी तोंडी बोलणं बंद केलं आणि अर्ज लिहिला. तारीख, सकाळी 11 ते 1 ही वेळ, व्हॉल्व्ह सोसायटीच्याच माणसाने बंद करावा, त्या लाइनवरच्या सगळ्या घरांना मी आदल्या दिवशी कळवीन, नुकसान झालं तर जबाबदारी माझी. दोन प्रती नेल्या आणि एकीवर शिक्का मारून पोच घेतली. पोच हातात असली की बोलण्याचा सूर बदलतो. अध्यक्षांनी अर्ज वाचला आणि तिथेच सही केली. तो कागद घेऊन जिना चढताना किती हलकं वाटलं म्हणून सांगू!

प्रत्यक्ष काम तासाभरातच झालं. स्पिंडलवर हिरवट-पांढऱ्या क्षाराचा थर होता आणि वायसर एका बाजूने नखाएवढा कापला गेला होता. सगळी गळती तेवढ्यातूनच. टँकर आणि बोअरच्या जड पाण्याने असं होतं. आदल्या रात्री आट्यांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. बॉक्स पान्याने हळूहळू जोर द्या, झटका नको. भिंतीतली बॉडीच फिरतेय असं वाटलं तर तिथेच थांबा आणि प्लंबर बोलवा, कारण आतला जोड सुटला तर मात्र टाइल फोडावीच लागते.

स्पिंडल आणायला जाताना मूठ सोबत न्या, हे आधी सांगायला हवं होतं. मूठ काढायला पाणी बंद करावं लागत नाही. स्पिंडलच्या टोकाचे दाते कंपनीप्रमाणे कमी-जास्त असतात, दुकानातच मूठ बसवून बघा. लांबीही वेगवेगळी येते. न वापरलेला दुकानदाराने परत घ्यायचा असं ठरवून मी दोन मापांचे आणले होते. नवा बसवण्याआधी व्हॉल्व्ह क्षणभर उघडायला लावून आतला कचरा बादलीत येऊ द्या, नाहीतर नव्या वायसरलाही तोच चरा पडेल.

गिझरच्या वायरिंगला मात्र मी हात लावत नाही, त्याला परवानाधारक वायरमनच हवा.

वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. त्या सभेसाठी मी विषय लेखी दिला आहे: फॉर्मवर 'काम सभासद स्वतः करणार' असा रकाना घाला, आणि पाणी बंद करायची परवानगी 2 दिवसांत द्या. त्या अर्जाचीही पोच घेतली आहे.