आमची वाटचाल : सरकी पेंड ते कुत्र्या-मांजराचं टॉनिक

नमस्कार मंडळी, आमचं दुकान परभणीत, मोंढ्याजवळ. मूळ धंदा अण्णांचा. सरकी पेंड, मका भरडा, म्हशीचं मिनरल मिक्श्चर, बास. २०१४ ला मी पुण्याची नोकरी सोडून गल्ल्यावर बसलो तेव्हा कुत्र्याचं म्हणून आमच्याकडं साखळी आन पट्टा एवढंच मिळायचं. लोक काय करायचे, गायीचं कॅल्शियम न्यायचे ना त्यातलंच झाकणभर कुत्र्याच्या दुधात ओतायचे. मी म्हणलं एवढे लोक हे करायलेत तर कुत्र्याचंच आणून ठेवू की. अण्णा म्हणले, कुत्र्याला कोण टॉनिक पाजतंय रे! पण वर्षभरात एक फळी भरली आणि २०२० च्या लॉकडाऊननंतर तर घरोघरी लॅब्रॅडॉर, म्हणजे लॅब कुत्रं, नाहीतर पर्शियन मांजर, मग फळीचं कपाट झालं.

आता खरं सांगतो, त्या काळात मला काहीच कळत नव्हतं. एमआर, म्हणजे औषध कंपनीचा माणूस, सांगायचा ते मी पुढं सांगायचो, केस गळतात का ही बाटली, वाळलंय का ती पावडर.

मग एक प्रकार झाला. तीन महिन्याचं लॅबचं पिल्लू, मालक हौशी, पिल्लाला चांगलं पपी फूड चालू होतं तरी म्हणले हाडं मजबूत पाहिजेत, मी कॅल्शियम सिरप दिलं, संपलं की परत दिलं, तिसऱ्या बाटलीला ते पिल्लूच घेऊन आले तर पुढचे पाय बाहेर वाकलेले. मला घामच फुटला. दुकान अण्णांवर सोडून त्यांच्यासोबत इथल्या व्हेटर्नरी कॉलेजच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर मॅडमनी आधी बाटली बघितली, मग माझ्याकडं. म्हणल्या, मोठ्या कुत्र्याला नको असलेलं कॅल्शियम त्याचं आतडं बऱ्यापैकी अडवतं, एवढ्या लहान पिल्लाला ते जमत नाही, जेवढं ओताल तेवढं अंगात जातं आणि मोठ्या जातीचं पिल्लू असलं की हाडाची वाढच बिघडते. पपी फूडमध्ये कॅल्शियम-फॉस्फरस मापात घातलेलंच असतं, साधारण १.२ ते १.४ ला १, त्यावर बाटली कशाला? सिरप बंद केलं. पिल्लू पळायला लागलं, पण एक पाय अजून तिरकाच आहे. ते मालक आजपण माझ्याकडंच येतात, मलाच लाज वाटते.

तेव्हापासून बाटली काढायच्या आधी एकच विचारतो, खातंय काय?

आणि उत्तरं ऐका. एक जण नुसतं बोनलेस चिकन घालायचे, त्यात फॉस्फरस भरपूर आन कॅल्शियम नावाला, म्हणजे इथं कॅल्शियमची खरंच गरज, पण किती ते डॉक्टरला विचारून. एका शाकाहारी घरातलं मांजर दूध-पोळीवर. मांजराला टॉरिन नावाचं पोषकद्रव्य खाण्यातूनच लागतं, ते येतं मांस-मासळीतून, कमी पडलं की डोळे आणि हृदय दोन्हीवर येतं. कुत्रं बहुतेक वेळा स्वतः बनवून घेतं, मांजराला ते पुरेसं जमत नाही. तिथं मी टॉनिक नाही, मांजराचं तयार खाद्य दिलं. गाजर खाऊ घाला म्हणून सांगतात ते पण मांजराला कामाचं नाही, गाजरातून व्हिटॅमिन ए करणं त्याच्या शरीराला येत नाही. मग एक ताई उलट टोकाला, रोज कलेजी! त्यानं ए इतकं साठतं की मान-पाठ आखडते.

माणसांच्या गोळ्या देणारे तर विचारू नका. त्यातलं लोह आन व्हिटॅमिन डी जनावराच्या वजनाला जास्त होतं आणि शुगरफ्री गमीत (चघळायच्या गोळीत) झायलिटॉल, म्हणजे साखरेच्या जागी घालतात ते, असलं तर कुत्र्याची साखर एकदम खाली येते, जीवावर बेततं.

रक्त वाढायची बाटली मागणाऱ्याला मी आधी कुत्र्याचे कान उलटून दाखवायला सांगतो. आपल्याकडं गोचीड इतके, कुत्रं पांढरं पडलं की निम्म्या वेळा गोचीड ताप निघतो, तिथं टॉनिक काय करणार, रक्त तपासा. कारवान कुत्रं पाळणारे येतात, फासळ्या दिसायल्यात म्हणतात, अहो ती जातच सडपातळ, शिकारीची.

फिश ऑइल मी मे महिन्यात ठेवत नाही. ४२-४३ च्या उन्हात पत्र्याखालच्या दुकानात ते खवट होतं, लाइट गेली की फ्रिजचा पण भरोसा नाही. जवसाचं तेल चालतं का विचारतात, चालतं, पण त्यातला ओमेगा-३ (चांगली चरबी) कुत्र्याच्या अंगात माशाच्या तेलासारखा लागत नाही.

ऑनलाइनवाल्यांच्या रेटला आम्ही पुरत नाही, ते जाऊ द्या. पण पोत्याचा वजनकाटा आहे आमच्याकडं, डोस वजनावर असतो म्हणून कुत्रं त्यावरच चढवतो, फुकट. परवा एक दादा आले, वजन वाढायची पावडर द्या म्हणले. लॅब काट्यावर चढवलं, ४६ किलो! अण्णा पेंडीच्या पोत्यावरून हसायले. दादांना मी फिरवायला मजबूत पट्टा दिला.