‘एक ओळ का होईना’: आजोबांची युद्धकाळातील पत्रे वाचण्याचा माझा अनुभव

आजी गेल्यानंतर तिची पत्र्याची ट्रंक माझ्याकडे ठाण्याला आली. तिच्यात लग्नातल्या शालूखाली जुन्या फडक्यात बांधलेली ४७ पत्रे निघाली. आजोबांनी ती १९४२ ते १९४५ या काळात लष्करातून घरी पाठवलेली होती. घरातल्या सगळ्यांना ती आहेत एवढे ठाऊक होते, पण माझ्या हयातीत कोणी ती उघडून वाचल्याचे मला आठवत नाही. ती लावून, वाचून, बाळबोधेत, म्हणजे आजच्या देवनागरीत, उतरवून काढायला मला सव्वादोन वर्षे लागली.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणात ‘शनवार तेली’ या नावाने ओळखले गेलेले मराठी ज्यू. कंपनी सरकारच्या काळापासून आमच्यातले पुरुष मुंबईच्या पलटणींत भरती होत आले, त्यामुळे आजोबा लष्करात गेले याचे घरात कोणाला नवल वाटले नसावे. १९४३ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन आर्मी मेडिकल कोरमध्ये ते हवालदार कारकून होते, आणि त्यांचे इस्पितळ आधी मिसरात (इजिप्तमध्ये) व नंतर इटलीत होते. आजी त्या वेळी मुंबईत मांडवीच्या इस्राएल मोहल्ल्यातल्या एका चाळीत सासऱ्यांसह राहत असे.

पहिली अडचण लिपीची होती. ४७ पैकी १९ पत्रे मोडीत आणि उरलेली २८ बाळबोधेत होती. मोडी मला अजिबात येत नव्हती, म्हणून मी एका वर्गाला नाव घातले आणि दर रविवारी गेले. मोडी लिहिणारा आधी कागदभर आडवी रेघ ओढतो आणि मग हात फारसा न उचलता तिच्याखाली अक्षरे लोंबवत जातो. शब्द तोडत नाही, विरामचिन्हे देत नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाही. एका पत्रात मला ‘मुक्काम बारी, सोय आहे’ असे स्पष्ट दिसले. बारी हे इटलीतले बंदर, तेव्हा आजोबा १९४३ च्या उन्हाळ्यातच इटलीत पोहोचले असे मी वहीत लिहून टाकले आणि तीन आठवडे बाकीची पत्रे त्या हिशेबाने लावत बसले. दोस्तांच्या फौजा इटलीच्या मुख्य भूमीवर उतरल्या त्या सप्टेंबरमध्ये, त्यामुळे काहीच जुळेना. शेवटी शिक्षकांनी भिंगातून तो काना नसल्याचे दाखवले आणि म्हणाले, “अहो ताई, ‘मुक्कामी बरी सोय आहे’ असे आजोबा सांगताहेत, तुम्ही त्यांना जहाजात कशाला बसवता?”

दुसरी अडचण तारखांची. पाकिटे जवळजवळ सगळी गेलेली होती, कारण मामांना लहानपणी तिकिटे जमवण्याचा नाद होता. पत्राच्या माथ्यावर गाव लिहायची तर सेन्सॉरमुळे सोयच नव्हती. आजोबांनी मात्र बहुतेक पत्रांवर हिब्रू महिना आणि दिवस घातला होता. ते दिवस इंग्रजी तारखांत बदलताना मी सुरुवातीला चुकले, कारण आपला ज्यूंचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो हे घरात वर्षानुवर्षे पाहूनही मी हिशेबात धरले नव्हते. जिथे दिवस नव्हता तिथे सणांनी मदत केली. एका पत्रात नव्याच्या सणाला चिकाचा हलवा नाही मिळाला याची हळहळ आहे, म्हणजे ते रोश हशानाच्या, आमच्या नववर्षाच्या, सुमाराचे. गावाचे नाव न घेता गाव सांगण्याची युक्तीही त्यांच्याकडे होती. रजा मिळाल्यावर आपण कुठे जाऊन आलो हे सांगताना त्यांनी ‘ज्या दिशेला तोंड करून बाबा प्रार्थना म्हणतात, तिथे उभा राहून आलो’ एवढेच लिहिले. मोहल्ल्यातल्या कोणत्याही मुलाला ते जेरुसलेम असल्याचे कळले असते.

लष्करी नोंदींसाठी मी एका अभिलेख कार्यालयाकडे अर्ज केला होता. अकरा महिन्यांनी तो नमुना चुकीचा म्हणून परत आला, आणि मी तो नाद सोडला.

कागदांच्या बाबतीत एक गोष्ट आवर्जून सांगते. बरीच पत्रे त्या काळच्या जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीने लिहिलेली आहेत. ओल लागली की ती अक्षरे शाईसारखी पसरतात, त्यामुळे ओल्या हाताने घडी उलगडायची नाही. भाच्याने सगळ्या पत्रांना लॅमिनेशन करून देण्याची तयारी दाखवली होती, ती मी वेळीच मोडून काढली. गंजलेल्या टाचण्या काढल्या, प्रत्येक पत्राच्या मागे साध्या पेन्सिलीने बारीक क्रमांक घातला, आणि खिडकीजवळच्या तिरप्या उजेडात फोटो घेतले. त्या उजेडात पुसट ओळीही उठून दिसतात.

सगळी पत्रे क्रमाने लागल्यावर लक्षात आले की मोडी आणि बाळबोध यांची सरमिसळ कुठेच नाही. पहिली १९ मोडीत आणि विसाव्यापासून सगळी बाळबोधेत. मला वाटले, मोडी वाचणारा सेन्सॉर मिळत नसेल. खरे कारण इस्राएलमधल्या दिमोनाच्या मावशीने फोनवर एका वाक्यात सांगितले, ते म्हणजे आजीला लग्नात अक्षरओळख नव्हती. मोडी पत्रे पणजोबा चाळीत मोठ्याने वाचत आणि उत्तरही तेच लिहीत. म्हणून त्या १९ पत्रांत ‘सर्वांस नमस्कार’ आहे, मनिऑर्डरीचा हिशेब आहे, हवापाणी आहे आणि आजीसाठी जेमतेम ‘प्रकृतीस जपावे’ आहे. बायकोला लिहिलेली म्हणून मी जी पत्रे लावत होते, ती खरे तर सासऱ्यांच्या तोंडून जाणारी पत्रे होती.

विसावे पत्र ३ किस्लेवचे, म्हणजे ३० नोव्हेंबर १९४३ चे. शेजारच्या मास्तरीणबाईंकडे आजी वाचायला शिकते आहे हे आजोबांना कळले होते. त्या पत्राची अक्षरे पहिलीच्या पुस्तकातल्यासारखी टपोरी आहेत, दोन शब्दांमध्ये बोटभर जागा सोडलेली आहे, आणि एकही जोडाक्षर येऊ नये म्हणून वाक्ये मुद्दाम वळवलेली दिसतात. मोडीत भरभर पळणारा तोच हात इथे प्रत्येक अक्षरापाशी थांबला आहे. पानावर नऊच ओळी आहेत. त्या मी इथे देणार नाही, त्या आजीच्या आहेत.

सर्वांत जास्त वेळ मला एकाच पत्राने खाल्ला. त्यावर २४ इय्यार, म्हणजे १७ मे १९४४ आहे. १४ एप्रिलला, आमच्या वल्हांडण सणाच्या सातव्या दिवशी, मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या स्फोटके आणि कापूस भरलेल्या जहाजाचे दोन स्फोट झाले, शेकडो माणसे मेली आणि आग मांडवीपर्यंत पसरली. ही बातमी बाहेर पाठवायला वार्ताहरांना मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत परवानगी नव्हती. त्याआधी आजोबांना पणजोबांचे एक पत्र मिळाले होते. त्यात ‘आम्ही सर्व खुशाल’ होते आणि खालच्या पाच ओळी काळ्या केलेल्या होत्या. पाच ओळींत काय असेल याचा विचार करत त्यांनी किती दिवस काढले कोण जाणे, आणि मग कॅम्पात मुंबईची बातमी आली. बाबा माझ्यापासून काही लपवत आहेत, असा त्यांचा ग्रह झाला. ‘बाबांचे पत्र नको, तुझ्या हातची एक ओळ का होईना पाठव’ ही विनंती त्या पत्रात तीन वेळा आहे, आणि तिसऱ्या वेळी पेन्सिलीने कागद फाटला आहे.

त्या पत्राला दुसरीही एक बाजू आहे, ती मला नकाशा घेऊन बसल्यावर दिसली. ११ मेच्या रात्री भारताच्या आठव्या डिव्हिजनने इटलीतल्या कॅसिनोच्या खालच्या अंगाला गारी नदी ओलांडायला सुरुवात केली होती, आणि १८ मेला कॅसिनोचा मठ पडला. म्हणजे आजोबा हे लिहीत होते त्या आठवड्यात भारतीय जखमी इस्पितळांकडे सतत येत असणार आणि कारकुनाला नोंदी करायलाही दिवस पुरत नसणार. पत्रात त्याविषयी एक अक्षर नाही. सेन्सॉरने ते राहू दिले नसते हे खरे, पण पत्र वाचताना मला असे वाटत नाही की त्यांना त्या वेळी दुसरे काही लिहायचे होते.

उत्तर आले. आजीचे पत्र जपले गेले नाही, त्यामुळे ते मला फक्त आजोबांच्या १२ तम्मूजच्या, म्हणजे ३ जुलैच्या पत्रावरून कळते. ती सासऱ्यांसह रेवदंड्याला गेली होती आणि तिने दोन ओळी लिहिल्या होत्या. आजोबांनी त्या ओळी आपल्या पत्रात जशाच्या तशा उतरवून घेतल्या, आणि ज्यांच्या स्वतःच्या मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नव्हता, त्या गृहस्थांनी खाली शेरा मारला की ‘सुखरुप’ मधला रू दीर्घ असतो.

हे मी मावशीला फोनवर वाचून दाखवले, तेव्हा ती आधी हसली आणि मग जरा थांब म्हणून आत गेली. दिमोनात गेल्यापासून आईची आलेली सगळी पत्रे तिच्या कपाटात आहेत. परत येऊन तिने एकेक उघडून मला वाचून दाखवले, १९७१ चे, १९७८ चे, शेवटचे १९८६ चे. सगळ्यांत ‘आम्ही सुखरुप’, आणि सगळ्यांत रु ऱ्हस्वच.