आईचा चीक आणि वॉर्डातले जंतू

पुण्यातील एका रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता विभागात मी डॉक्टर आहे. गेल्या पावसाळ्यात जुन्नरकडच्या एका बाईंची पाणमोट वेळेआधीच फुटली आणि 29व्या आठवड्यात सिझेरियन करून त्यांना मुलगा झाला. वजन 1100 ग्रॅम. जंतुसंसर्गाची शंका असल्याने त्याला अँपिसिलिन आणि जेंटामायसिन ही प्रतिजैविके लगेच सुरू करावी लागली.

बाळ आठ दिवसांचे झाले त्या सकाळी आमच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागातील मॅडमनी, निवासी डॉक्टरांना शिकवण्यासाठी आणि अर्थातच पालकांना विचारून, दोन काचपट्ट्या तयार केल्या होत्या. एक या बाळाच्या शीची आणि दुसरी पूर्ण दिवसांनी नैसर्गिक प्रसूतीने जन्मलेल्या, केवळ अंगावर पिणाऱ्या, त्याच वयाच्या मुलीची. जंतूंना जांभळा किंवा गुलाबी रंग देणाऱ्या ग्रॅम पद्धतीने रंगवलेल्या मुलीच्या पट्टीवर जांभळे दंडाणू दाटले होते आणि त्यांतील कित्येकांची टोके इंग्रजी वाय अक्षरासारखी दुभंगलेली होती. आमच्या बाळाच्या पट्टीवर मात्र जवळजवळ सगळे गुलाबी दंडाणू होते आणि मधूनमधून जांभळ्या गोलाणूंचे घोस. नुसत्या रंगावरून जंतूचे नाव ठरत नाही; पण कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीत, मुलीच्या नमुन्यातून, प्राणवायू काढून घेतलेल्या बरणीत, बिफिडोबॅक्टेरियम हे आतड्यातले उपकारक जंतू वाढले होते आणि मुलाच्या नमुन्यातून क्लेबसिएला, रुग्णालयांत आढळणारा आणि आजार करू शकणारा जंतू.

बाळाच्या पोटात इतक्या थोड्या दिवसांत वॉर्ड येऊन वसला होता. मुलीला जन्मवाटेतून, आईच्या कातडीवरून आणि दुधातून जे जंतू मिळाले, ते या मुलाच्या वाट्याला फारसे आलेच नव्हते. त्याला मिळाले ते नळ्यांवरचे, हातांवरचे आणि काचपेटीतले, आणि प्रतिजैविकांनी त्यांतही निवड केली. अकाली जन्मलेल्या बाळांच्या आतड्यांतील जंतूंचा क्रम बऱ्याच अंशी गर्भधारणेपासूनच्या वयाशी बांधलेला असतो, हे 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दिसले. म्हणजे सगळा दोष वॉर्डाचा नसतो. आतडेच अजून कोवळे असते. तरीही, गुलाबी दंडाणूंचा हा गट फोफावला की आतड्याचा भाग मरण्याच्या, एनईसी नावाच्या भयंकर आजाराचा धोका वाढतो, आणि तो बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच गाठतो. ती पट्टी पाहताना मला तीच भीती होती.

रक्ताच्या कल्चरमध्ये काही वाढले नव्हते, त्यामुळे प्रतिजैविके 48 तासांनंतरच थांबवली होती, याचे समाधान वाटले. एका निवासी डॉक्टरने प्रोबायोटिक, म्हणजे उपकारक जिवंत जंतू, देण्याविषयी विचारले. ओडिशातील 2017च्या प्रसिद्ध चाचणीत लॅक्टोबॅसिलस प्लांटारम हा उपकारक जंतू एका साखरेसोबत दिल्याने सेप्सिस (अंगभर पसरणारा गंभीर जंतुसंसर्ग) आणि मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण 9 टक्क्यांवरून 5.4 टक्क्यांवर आले होते. पण ती बाळे किमान 35 आठवड्यांची आणि दोन किलोंची होती, तो निष्कर्ष या बाळाला लावणे मला पटले नाही.

दुपारी बाळाची आजी मधाची बाटली आणि घुटीचे साहित्य घेऊन आली. “मॅडम, लेकराच्या पोटात कायतरी जाऊ द्या, नुसत्या सुईवर कसं राहील?” तिचे म्हणणे मला मनापासून पटले, मध मात्र नको होता, कारण त्यात असू शकणाऱ्या बोट्युलिनम या जंतूच्या बीजाणूंनी तान्ह्याला लकवा होऊ शकतो. मी म्हटले, “आजी, जातंय की. सूनबाईचा चीक पहिल्या दिवसापासून जातोय.” दर दोन तासांनी एक मिलिलिटरपासून सुरुवात करून, तोंडातून पोटात सोडलेल्या नळीने आम्ही तो देत होतो आणि हळूहळू वाढवत होतो. आईच्या दुधात लॅक्टोज आणि स्निग्धांशांखालोखाल ज्या साखरा असतात त्या बाळाला पचतच नाहीत. त्या बिफिडोबॅक्टेरियमचे अन्न आहेत, आणि त्यांपासून ते जी आम्ले तयार करते, त्यांत क्लेबसिएलासारख्यांना वाढणे अवघड जाते. आजीला मी एवढेच सांगितले, की आईच्या दुधात चांगल्या जंतूंचा खाऊ असतो.

तिने बाटली पिशवीत ठेवली आणि विचारले, “मग सुनेला काय खायला घालू?” भाकरी, डाळ, भाजी, अंडी, जे घरात खाता ते सगळे, असे मी सांगितले. त्याच संध्याकाळी आईच्या छातीवर बाळाला कांगारू पद्धतीने ठेवायला सुरुवात झाली.