दवाचा एक किलो

आमच्या ओसरीच्या भिंतीत धड असा एकच खिळा आहे. बाकीचे कधीच मातीसकट निघून आले. या एका खिळ्यावर दोन वस्तू राहतात. भिंतीला टेकून मंडळीतून, म्हणजे चर्चमधून, मिळालेलं वचनांचं कॅलेंडर, आणि दसरा उलटून कापसाची वेचणी लागली की त्याच्यावर पन्नास किलोचा ताणकाटा. यंदाच्या कॅलेंडरवर वचन आलंय, 'तू आपल्या शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती कर'. काटा टांगला की त्याची तबकडी नेमकी 'शेजाऱ्यावर' या शब्दावर येते. उरतं ते साधारण 'आपल्यावर प्रीती कर' असं काहीतरी. घरात कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. मलाही दिवाळीपर्यंत दिसलं नव्हतं.

आमचं गाव दारव्हा तालुक्यातलं. शेत सहा एकर, कोरडवाहू, काळी जमीन. गावात ख्रिस्ती घरं सात. त्यातली दोन आता पुण्याकडे असतात आणि नाताळला येतात, म्हणजे खरं तर पाच. आमचे पणजोबा छप्पनच्या दुष्काळात, म्हणजे 1899-1900 साली, मिशनच्या अनाथालयात पोचले आणि तिथेच वाढले. 'पोटासाठी धर्म घेतलेले' हे मी शाळेत असताना पुष्कळ ऐकलं. तेव्हा राग यायचा. आता वाटतं, घेतला असेल पोटासाठी. भूक तर खोटी नव्हती ना. पुढे त्यांनी पोट भरल्यावरही तो सोडला नाही, एवढं मला पुरतं. माझी अडचण वेगळी आहे. मी भरल्या पोटी जन्मलो, माझा बाप्तिस्मा दुपट्यात असताना झाला. मग माझा विश्वास कशावर तोलायचा?

तर तोलण्याचीच गोष्ट सांगतो.

वेचणीच्या बाया सकाळी सातला शेतात उतरतात. आठ जणी आहेत, कमरेला ओट्या बांधलेल्या. त्या वेळी पऱ्हाटी दवानं चिंब असते. पहिले दोन तास वेचलेला कापूस हाताला गार लागतो. संध्याकाळी पाचच्या सुमारास बांधावरच्या निंबाला काटा टांगायचा, एकेकीचं गाठोडं अडकवायचं, आकडा मोठ्यानं बोलायचा आणि वहीत लिहायचा. आमच्याकडे वेचाई किलोला दहा रुपये. गाठोडं सव्वीस किलो भरलं की मी वहीत पंचवीस लिहायचो. तो एक किलो दवाचा. ही काही माझी अक्कल नव्हे. शेजारच्या धुऱ्यावरच्या भाऊनं शिकवलं होतं, 'पाण्याची मजुरी कायले देता?' बिनतोड वाटलं. आठ बाया, आठ किलो, रोजचे ऐंशी रुपये. मी हे काही लपवून करत नव्हतो. सव्वीस मोठ्यानं म्हणायचो आणि 'दवाचा एक गेला' हेही मोठ्यानंच म्हणायचो. उघडपणे केलेल्या गोष्टीला पाप म्हणायला आपलं मन जरा कचरतं.

दिवाळीनंतर पहिली गाडी भरून मी बाजाराला गेलो. सरकारी खरेदीत ओलावा आठ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव, बारापर्यंत कपात, त्याच्यावर गेला की गाडी परत. लांब धाग्याचा 2024-25 चा हमीभाव क्विंटलला 7521 रुपये. पण तिथली रांग, कागद, नोंदणी हे सगळं पाहून मी खाजगी व्यापाऱ्याकडे वळलो. त्यानं गंजीत हात खुपसला, मूठ आवळली, सोडली आणि म्हणाला, 'ओला आहे, क्विंटलमागे दोन किलो कडता.' मीटर लावा म्हटलं तर म्हणाला, माझा हातच मीटर आहे. मी घरी येईपर्यंत बैलांशीसुद्धा बोललो नाही.

त्या रविवारी उपासनेत साक्षीच्या वेळी मी उभा राहिलो आणि गरिबाला लुटणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी प्रार्थनेची विनंती केली. मंडळीनं मोठ्यानं 'आमेन' म्हटलं. पाचही घरं कापूसवालीच, त्यामुळे आमेन अगदी मनापासून होतं. घरी येऊन वाटलं, एखादं जळजळीत वचन शोधून मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकावं. तराजूवर बायबलमध्ये पुष्कळ आहे हे ठाऊक होतं. अनुवाद 25 मध्ये आहे, थैलीत एक मोठं आणि एक लहान अशी दोन वजनं ठेवू नकोस. (जुन्या करारातल्या पाचव्या पुस्तकाचं मराठी नाव 'अनुवाद'. लहानपणी मला वाटायचं, बाकीची पुस्तकं मुळातली आणि हे एकच भाषांतर.) पण मला आणखी कडक हवं होतं. शोधत शोधत लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायावर आलो.

लेवीय हे पुस्तक आम्ही सहसा वाचत नाही. बळी, कोड, सोवळंओवळं असलं त्यात फार. पण हा अध्याय म्हणजे कुणी आमच्या गावच्या पारावर बसून लिहावा तसा आहे. नवव्या-दहाव्या ओवीत शेताचे कोपरे झाडून कापू नकोस आणि सरवा वेचू नकोस, तो गरिबाला आणि परक्याला ठेव. तेराव्यात मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नकोस. पस्तिसाव्या-छत्तिसाव्यात काटा, वजनं, एफा, हिन सगळं खरं ठेवा. एफा म्हणजे धान्याचं माप, आपल्या पायलीसारखं; हिन तेलापाण्याचं. आणि या सगळ्याच्या मधोमध, अठराव्या ओवीत, 'शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती कर'. ते वाक्य मी आजवर प्रभू येशूचंच समजत होतो. त्यानं ते इथूनच उचललेलं. सरव्याच्या, मजुरीच्या आणि ताजव्याच्या मधून. आम्ही तेवढंच एक खुडून कॅलेंडरवर छापलं आणि बाकीचं शेत तसंच सोडून दिलं.

छत्तिसावी ओवी मी ग्रुपवर टाकण्यासाठी टाइप केली. मग खिळ्याकडे लक्ष गेलं. पुसून टाकली.

एक सांगायला हवं. हे पुस्तक अक्षरशः पाळून बघणारा माणूस आमच्या घरात होऊन गेला आहे. यवतमाळला पूर्वी सेमिनरी, म्हणजे पाळक घडवणारी शाळा, होती; 1983 साली ती पुण्याला गेली. तिथले विद्यार्थी सायकलवरून गावोगाव यायचे. त्यातल्या एकानं केव्हातरी आमच्या ओसरीवर हाच अध्याय वाचून दाखवला होता आणि बाबांनी तेराव्या ओवीचं फार मनावर घेतलं. गावात मजुरीचा चुकारा आठवडी बाजाराच्या दिवशी होतो. बाबांनी रोज संध्याकाळी रोख द्यायला सुरुवात केली. आठ दिवसांत बायांची मोठी मावशी, म्हणजे त्यांची म्होरकी आणि आताच्या मोठ्या मावशीची सासू, आईकडे आली. म्हणाली, 'बाई, तुमच्या मालकाले सांगा, रोज पैसे देऊ नोका. रोजचा पैसा रोज घरचा मानूस घेऊन जाते न् पिऊन येते. बाजाराच्या दिवशी द्या, आमी तिथंच मीठमिरची घेतो.' बाबा दोन दिवस गप्प होते. नियम देवाचा आणि तक्रार जिच्यासाठी नियम केला तिचीच. शेवटी त्यांनी तोडगा काढला. पैसे रोज मोजून आईकडे वेगळ्या डब्यात ठेवायचे, प्रत्येकीची पुरचुंडी वेगळी. ज्या दिवशी जी मागेल त्या दिवशी तिला द्यायची. 'आता ते आपल्याजवळ नाहीत, त्यांचेच आहेत, नुसते आपल्या घरात आहेत,' असा त्यांचा युक्तिवाद. मोशेला तो पटला असता की नाही कोण जाणे. बायांना पटला.

सीतादहीच्या बाबतीतही ते असेच. पहिल्या वेचणीच्या दिवशी बाया शेतात दहीभात नेतात, पऱ्हाटीपाशी पूजा मांडतात, मग वेचायला लागतात. मंडळीतल्या कुणीतरी बाबांना टोकलं, ख्रिस्ताच्या माणसाच्या शेतात हे कसं चालतं? बाबा म्हणाले, शेत माझं आहे, पण हात त्यांचे आहेत. बाया पूजा करायच्या तेवढा वेळ ते धुऱ्यावर टोपी काढून उभे राहायचे आणि आपली प्रार्थना म्हणायचे. दहीभात मग सगळे मिळून खायचे. आम्ही रेव्हरंड टिळकांची भजनं टाळमृदंगावर अभंगाच्या चालीत म्हणतो, तेव्हा टाळ कुणाचा हे कुणी विचारत नाही. मी बाबांच्यासारखा धुऱ्यावर उभा राहत नाही. मला त्या वेळी नेमका फोन येतो.

तर ओवी पुसली, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निंबाखाली पहिलं गाठोडं सत्तावीस भरलं. मी सत्तावीस म्हटलं आणि सत्तावीस लिहिलं. मोठी मावशी पुढे आली. वहीत डोकावली, तिला आकडे येतात, अक्षरं येत नाहीत.

'दवाचा इसरले का भाऊ?'

'नाही. आजपासून दवाचा कापायचा नाही.'

मला वाटलं होतं, हिच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटेल. तिनं डोळे बारीक केले. 'मंग वेचाई कमी करसान? नऊ रुपये देसान?'

'नाही, दहाच.'

'कावून पन?'

आता काय सांगावं? लेवीय म्हणावं? मी म्हटलं, 'आमच्या पुस्तकात लिहिलंय.'

ती थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिली. मग बाकीच्या बायांकडे वळून म्हणाली, 'आयकलं का वो, यायच्या पुस्तकात आता वाचलं.' हशा पिकला. आणि त्या हशाच्या भरात तिनं जे सांगितलं त्यानं माझी उरलीसुरली धार्मिक ऐट उतरली. त्या एका किलोची भरपाई त्या केव्हापासूनच करत होत्या. सकाळी उन्हाची वाट न पाहता सातलाच येणं, ते त्याचसाठी. ओल्या कापसाला वजन जास्त. वर गाठोड्याच्या मधोमध थोडी कवडी, म्हणजे किडका कापूस, आणि थोडी पत्ती. 'तुमी एक कापत होते, आमी दीड घालत होतो. आमचं काई वाईट नव्हतं चाललं.'

म्हणजे इतके दिवस आम्ही एकमेकांना बरोबर ओळखून होतो. आणि त्या ओल्या, पत्तीच्या कापसात हात घालून व्यापारी म्हणाला होता, ओला आहे. तो खरंच बोलला होता. माझी रविवारची साक्ष मात्र आता मागे घेता येत नाही. पुढच्या रविवारी उभं राहून 'त्या व्यापाऱ्यासाठी केलेली प्रार्थना माझ्या नावावर फिरवा' असं म्हणायचं मी ठरवलं होतं. ओठापर्यंत आलंही. पण त्या दिवशी पुण्याचे पाहुणे होते. आमच्याकडे गाडगेबाबा दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे. माझा क्रम नेमका उलटा, आणि झाडायची वेळ आली की घरात पाहुणे.

बायांनी कवडी घालणं बंद केलं. ते त्यांनी स्वतःहून केलं, मी म्हटलं नव्हतं. सातला येणं मात्र चालू आहे. दुपारी उन्हात वेचायचं म्हणजे डोकं उतू जातं, आणि बारा वाजता घरी लेकरांना जेवायला घालायचं असतं, हे कारण मी आजवर विचारलंच नव्हतं. तेव्हा दव राहिलं. खरं माप धरायचं तर दवाची मजुरी मी द्यायची आणि कापूस वाळवायचा पण मीच. रोज सकाळी अंगणात ताडपत्री अंथरायची, कापूस पसरायचा, दुपारी उलथायचा, ऊन उतरायच्या आत उचलून आत भरायचा. कंबर धरते.

आणि इथेच ती गोष्ट आहे जी मी अजून कुणाला सांगितलेली नाही.

गावात काहीजण विकायला न्यायच्या आदल्या रात्री गंजीवर पाणी मारतात. मी कधी मारलं नाही. मारणार नाही. पण मागच्या मंगळवारी दुसऱ्या दिवशी गाडी भरायची होती, कापूस अंगणात पसरलेला होता, आणि संध्याकाळी तो उचलायचं मी विसरलो. म्हणजे विसरलो असं मी म्हणतो. जेवताना एकदा आठवलं होतं. अंगावर पांघरूण घेतल्यावर पुन्हा आठवलं. मनाशी म्हटलं, पाणी मारणं हे पाप. दव काही मी पाडत नाही, ते तर देवच पाडतो. झोप चांगली लागली. सकाळी गाडीत नऊ क्विंटलला थोडं वरच भरलं. व्यापाऱ्यानं मूठ आवळली, सोडली, माझ्याकडे पाहिलं आणि न बोलता कडता लावला. मीही काही बोललो नाही.

आज पुन्हा कापूस अंगणात आहे. उद्या गाडी आहे. हे लिहायला बसलो तेव्हा ऊन भिंतीवर होतं, आता ओसरीत काळोख आलाय. बायकोनं काटा धुण्यासाठी खिळ्यावरून काढला आहे, कॅलेंडर अख्खं दिसतंय. तिनं अंगणातून आवाज दिला आहे, दोनदा.

'अहो, दव पडायला लागलं. उचलायचा का राहू द्यायचा?'