मामाची आरएक्स : करंट कडक, प्लग कोरडा

मामाची १९९३ची यामाहा आरएक्स १०० मोटरसायकल संगमेश्वरजवळ गावी असते. जूनपासून पडवीत उभी होती. गणपतीला गेलो तेव्हा किका मारून मारून पोटरीत गोळा आला, पण गाडीने साधं खोकूनसुद्धा दाखवलं नाही. मामा झोपाळ्यावरून म्हणाला, "टाकीत पेट्रोल आहे रे, जूनमध्येच फुल्ल केलीय." त्याच्या लेखी विषय संपला.

प्लग काढून इंजिनाच्या हेडला टेकवला. करंट, म्हणजे ठिणगी, निळी, कडक. पण प्लगचं टोक कोरडं ठणठणीत. चोक ओढून वीस-पंचवीस किका मारल्यावर टू-स्ट्रोकचा प्लग ओला निघायलाच हवा. खात्रीसाठी चमचाभर पेट्रोलमध्ये दोन थेंब टूटी (टू-स्ट्रोकचं) ऑइल टाकून प्लगच्या भोकातून सोडलं, प्लग बसवला, किक मारली. भडभडली आणि चार सेकंदांत गप्प. म्हणजे इंजिनाला दोष नाही, त्याला खायला मिळत नाहीये.

टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद करून कार्ब्युरेटरचं फ्लोट चेंबर, म्हणजे पेट्रोल साठणारी वाटी, मामीच्या लोणच्याच्या रिकाम्या बाटलीत उपडं केलं. वर पिवळसर पेट्रोल, खाली पाण्यासारखा वेगळा थर आणि त्यात गंजाचे कण, चहाच्या चोथ्यासारखे. टाकीतूनही कॉकवाटे आधी तेच आलं. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते थोडं पाणी पोटात घेतं, पण पाणी मर्यादेबाहेर गेलं की त्याच्यासकट पेट्रोल सोडून तळाला बसतं, आणि कॉक पितो तळातूनच. ज्यांना बघायचंय त्यांनी १०० मिली पेट्रोल आणि १०० मिली पाणी पारदर्शक बाटलीत हलवून ठेवावं. खालचा थर १००चा जवळपास १२० होतो. (चुलीपासून लांब. मला मामीने आधी अंगणात हाकललं, मग बाटली दिली.)

कार्ब्युरेटरमधला पायलट जेट (बारीक भोकाची पितळी नळी) काढून आभाळाकडे धरला तर उजेडाचा ठिपकाच नाही. यात पोलादी तार घालू नका, पितळ मऊ असतं आणि भोक मोठं झालं की मिश्रणाचं गणित कायमचं बिघडतं. मी वायरीतली तांब्याची एकच तार घेतली. ती तिसऱ्या प्रयत्नात आरपार गेली, मागून पंपाने हवा मारली, आणि टाचणीच्या टोकाएवढा गोल उजेड दिसला. पंचवीस किकांपेक्षा त्या ठिपक्याचा आनंद जास्त. मिश्रणातली हवा कमी-जास्त करणारा एअर स्क्रू काढण्यापूर्वी किती फेरे उघडा आहे ते मोजलं होतं, दीड. तेवढाच परत ठेवला.

टाकी पूर्ण रिकामी केली, गंजाला लिंबूसत्वाचं गरम पाणी रात्रभर, सकाळी खायचा सोडा घालून विसळलं, उन्हात वाळवली. लगेच पेट्रोलमध्ये थोडं ऑइल घालून आत फिरवलं, नाहीतर धुतलेला पत्रा तासाभरात पुन्हा लालसर होतो. मग टाकी फुल्ल. तिसऱ्या किकेला स्टार्ट. अंगणभर निळा धूर, मामाही झोपाळ्यावरून उठला.

आणि एसटी स्टँडच्या अलीकडे, जेमतेम दोन किलोमीटरवर, पेट्रोल संपल्यासारखी मिस मारत बंद. पाच मिनिटं थांबलो, सुरू झाली. पुन्हा बंद. ढकलत घरी.

इथे माझं चुकलं. एकदा कार्ब्युरेटर गुन्हेगार निघाला म्हणून मी त्यालाच आणखी दोनदा खोलला. निडल बदलली, फ्लोटची उंची तपासली, रिपेअर किटचे पैसे घालवले. फरक शून्य.

रविवारी अक्कल आली. कार्ब्युरेटरकडची नळी काढून बाटलीत सोडली, कॉक ऑन. आधी छान धार, मग ती दोऱ्याएवढी, मग थेंब थेंब. बाटलीचा तळ जेमतेम बुडाला असेल. टाकीच्या झाकणाला किल्ली लावली तर 'फुस्स' करून हवा आत ओढली गेली, आणि धार पूर्ववत. टाकी श्वासच घेत नव्हती! पेट्रोल खाली जाईल तशी वरून हवा आत यायला झाकणात बारीक भोक असतं, ते बंद. टाकी फुल्ल असली की वर हवा थोडी, त्यामुळे पेट्रोल अडवणारी उलटी ओढ लवकर बसते. अर्धी ठेवली असती तर गाडी आणखी लांब जाऊन बंद पडली असती आणि मी आणखी लांबून ढकलली असती. टाकी रिकामी करताना झाकण उघडंच होतं, म्हणून तेव्हा हे कळलं नाही.

झाकण उलटं केलं तर आत हिरवट चिवट थर. मामाला विचारलं. "पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून जूनमध्ये ग्रीस फासलं होतं. चांगलं दोन बोटं." पाणी तरीही गेलंच होतं, ते मी बोललो नाही. पेट्रोलने धुऊन, सुईने भोक मोकळं केलं, तोंडाने फुंकर मारून पाहिली.

आजची स्थिती : ४० किलोमीटर सलग, एकदाही बंद नाही. इतके महिने उभी असल्याने इंजिनाला टूटी पुरवणाऱ्या ऑइल पंपाच्या नळीत हवा असेल ही धास्ती होती, म्हणून पंपावर न विसंबता सुरुवातीला लिटरला २० मिली टूटी वेगळं मिसळत होतो. काल नळीत हवेचा बुडबुडा दिसला नाही, तेव्हा ते बंद केलं. कॉकची जाळी मात्र पुन्हा तपकिरी निघालीय, म्हणजे टाकीच्या मागच्या कोपऱ्यात गंज उरलाय. नळीत कागदी फिल्टर टाकलाय. दिवाळीत टाकी परत उतरवायची, या वेळी आत नटबोल्ट टाकून खळखळवायची.